अस्तराचा हौद

टेलरमास्तरांनी आयुष्यात चिंधीभरसुद्धा कापड वाया घालवलेलं नाही. हे तेच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला कितीही घाई असली तरी शेवटपर्यंत सांगतात. कोट असो, फ्रॉक असो, नाहीतर सोफ्याचं कव्हर असो, मास्तर आधी स्वस्तातल्या मांजरपाटाचा नमुना शिवणार, तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवणार, टाचण्या लावणार, मागे सरकून एक डोळा मिटून बघणार आणि मगच खऱ्या कापडाला कात्री लावणार. ह्याला ट्रायल म्हणतात. मास्तरांच्या घरात ट्रायलशिवाय पानही हलत नाही. पलंगाची जागा बदलायची झाली तर आधी नव्या जागी पलंगाच्या मापाची चादर अंथरली जाते आणि आठवडाभर घरातली माणसं त्या चादरीला वळसा घालून चालतात. ठेच लागली नाही, की मग पलंग सरकतो. बायकोनं पहिल्या वर्षी ह्यावर भांडून पाहिलं. नंतर तिलाही चादरीला वळसा घालायची सवय लागली.

त्यामुळे एका सकाळी नाश्ता करताना मास्तरांनी परसात स्विमिंग पूल बसवायचा का हे ठरवू या, असं जाहीर केलं तेव्हा बायकोनं हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"नको. ठरलं," ती म्हणाली.

"असं न बघता नको म्हणायचं नसतं. ट्रायल घेऊ."

हे खूळ डोक्यात शिरायचं कारण म्हणजे नात. मास्तरांचा जीव दुकानात अर्धा आणि त्या पोरीत उरलेला सगळा. शाळेला सुट्टी लागली की ती आजोळी यायची, कापड बेतायच्या टेबलाखाली बसून बटणांच्या माळा करायची आणि सुट्टी संपेपर्यंत घरभर तिचा चिवचिवाट असायचा. मागच्या सुट्टीत मात्र ती आली नाही. ती गेली मावशीआजीकडे, म्हणजे मास्तरांच्या मेव्हणीच्या घरी. मास्तरांचे साडू टायरचं दुकान चालवतात. त्यांनी नेमका त्याच सुट्टीत अंगणात स्विमिंग पूल बसवला होता. खणलेला नव्हे, जमिनीवर उभा राहणारा. पाइपांचे पाय, निळं प्लास्टिक, चढायला शिडी. वर त्यांनी फोटो पाठवला. फोटोत साडू काळा चष्मा लावून, दोन्ही हात पसरून पाण्यात बसलेले आणि कडेला खुर्चीवर नात खळखळून हसणारी. ते हसू बघून मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता पुन्हा सुट्टी तोंडावर आली होती. मुलीनं फोनवर सांगितलं होतं, की कुणाकडे जायचं ते पोरच ठरवेल, तुम्ही तिच्या मागे लागू नका. मास्तर मागे लागले नाहीत. ते दुकानात गेले, स्विमिंग पूल विकणाऱ्या.

तिथला विक्रेता गळ्यात वेडावाकडा टाय बांधून उभा होता. त्यानं मांडून ठेवलेला नमुना दाखवला आणि परस केवढं, जमीन सपाट आहे का, माणसं किती, असं विचारायला सुरुवात केली. त्याचा तिसरा प्रश्न येईपर्यंत मास्तरांनी गळ्यातली टेप काढून घेर, उंची आणि पायांमधलं अंतर घेऊन टाकलं होतं. जमीन घराच्या बाजूला किंचित उतरती आहे म्हटल्यावर विक्रेता गंभीर झाला. मास्तरांनी त्याला धीर दिला. माणसाचा एक खांदा उतरता असला, की कोटाला आतून पॅड लावतात. त्यात एवढं काय! मग त्यांनी मूळ मुद्दा काढला. ट्रायलला घरी नेता येईल का? विक्रेता आधी हसला. ती थट्टा नाही हे कळल्यावर म्हणाला, की एकदा बसवून पाणी भरलं की परत घेत नाही. मास्तर घरी आले ते त्या माणसाची कीव करत. अंगावर न चढवता माल गळ्यात मारणाऱ्यांचा धंदा चालतो तरी कसा, हेच त्यांना कळेना.

मग त्यांनी स्वतःच ट्रायलचा हौद शिवायला घेतला. हौद हा शब्द बायकोचा. स्विमिंग पूल एवढं लांबलचक बोलायला तिला वेळ नव्हता, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळेच हौद म्हणू लागले.

शाळेच्या कोटांच्या ऑर्डरीतून निळं अस्तर उरलं होतं, चकचकीत, हातातून सटकणारं. त्यातून मास्तरांनी खऱ्या मापाचा हौद बेतला. काज-बटणं करणारा त्यांचा जुना कारागीर, ज्याला सगळे काजवाला म्हणत, मदतीला बसला. काजवाला हा अतिशय गुणी माणूस. मास्तर जे म्हणतील त्याला तो 'बरोबर आहे' म्हणतो. दोरी ओवायला काठाला भोकं लागणार होती, तिथे त्यानं हातानं एकेक काज केलं, बघत राहावं असं. काज झाल्यावर त्यानं सवयीनं बटणं किती लावू म्हणून विचारलं. मास्तरांनी विचार केला आणि थोडी लावून ठेव म्हणाले. आतल्या बाजूला एक खिसा आला. शिवाय घराकडच्या अंगाला मास्तरांनी दोन इंच कापड आत दुमडून नुसत्या कच्च्या टाक्यांवर ठेवलं. अंगानं भरणाऱ्या माणसाच्या पँटला असं कापड ठेवतात. उद्या हौद मोठा करावासा वाटला, तर उसवून वाढवता यायला हवा.

पडद्यांच्या दांड्यांचे पाय करून, उताराकडच्या पायांखाली खांद्याचे पॅड रचून हौद परसात उभा राहिला. वाऱ्यानं अस्तर हलायचं आणि खरंच पाणी हलल्याचा भास व्हायचा. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिली. दिसायला बरा आहे, असं तिच्या तोंडून निघून गेलं आणि लगेच तिला स्वतःचा राग आला.

ट्रायलचा नियम असा, की हौदात पाणी आहे असं धरून सगळ्यांनी वागायचं. बायकोनं धुणं घेऊन वळसा घालून दोरीपर्यंत जायचं. डास होतात का, पालापाचोळा किती पडतो, धुणं वाळायला ऊन उरतं का, हे तिचेच आक्षेप तिनंच तपासायचे. एकदा वाऱ्यानं उशीचा अभ्रा हौदात उडाला. ती आत जायला निघाली तशी मास्तर खिडकीतून ओरडले, की चप्पल काढ. तिनं चप्पल काढली, कपडे गुडघ्यापर्यंत वर धरले, जपून पावलं टाकत अभ्रा उचलला आणि बाहेर येऊन पाय पुसायला पायपुसणं शोधू लागली. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण ठणठणीत कोरड्या आहोत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती मास्तरांशी बोलली नाही.

आत बसून कसं वाटतं, ह्या ट्रायलवर काजवाल्याची नेमणूक झाली. तो दुपारी हौदात जाऊन बसे. गार वाटतं, असा त्यानं अहवाल दिला, आणि मग काम घेऊनच आत जाऊ लागला. मास्तर स्वतः आखूड पँट घालून, खांद्यावर टॉवेल टाकून सकाळ-संध्याकाळ काठाकाठानं फिरत. नात ह्या बाजूनं चढेल, इथे थांबून आजोबा बघा म्हणेल, इथून धपकन उडी मारेल. तो आवाज त्यांना मनातच ऐकू यायचा. मग ते नाक ओढून काठाची शिलाई तपासायचे.

आता वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. रात्रपाळी करून सकाळी येतात, दुपारी उठतात आणि अर्धवट झोपेत मागच्या खिडकीशी उभ्या राहून चहा पितात. त्यांनी खाली पाहिलं तर निळाशार हौद, आणि त्यात काजवाला छातीपर्यंत बुडून निवांत बसलेला. ड्युटीवर जाता जाता त्यांनी हे औषधाच्या दुकानात सांगितलं. औषधाच्या दुकानातून ते केशकर्तनालयात गेलं, आणि तिथून गावभर व्हायला वेळ लागत नाही. गिऱ्हाइकं येऊन विचारू लागली. मास्तर कधी खोटं बोलत नाहीत. अजून ट्रायल चालू आहे, एवढंच ते म्हणायचे. लोकांना वाटायचं, काय हा विनय! बातमी साडूंच्या टायरच्या दुकानात पोचेपर्यंत हौद साडूंच्या हौदाच्या दीडपट झाला होता आणि त्याला दोन शिड्या लागल्या होत्या.

साडूंचा फोन आलाच.

"किती पाणी मावतं?"

"भरल्यावर कळेल."

"कंपनी कोणती?"

"घरचीच."

 टायरच्या धंद्यात माणसाला कंपनीचा भारी अभिमान असतो, आणि घरची कंपनी म्हणजे काय प्रकार ते साडूंना कळेना. शेवटी ते म्हणाले, "आम्ही रविवारी येतो. टॉवेल घेऊनच येतो."

मास्तर फोन ठेवतात न ठेवतात तोच मुलीचा फोन. मावशीकडून तिला सगळं कळलं होतं. बाबा, एवढं केलंत आणि बोलला नाहीत, म्हणून ती रागावली. आणि रविवारी दुपारी पोरीला घेऊन येतेय, सुट्टीभर ठेवते, असं तिनं सांगून टाकलं. मास्तर फोन हातात धरून तसेच उभे राहिले. मग टेपच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले.

"येतेय," ते बायकोला म्हणाले.

बायकोलाही आनंद झाला. पण ती संसारी बाई. तिनं लगेच विचारलं, की पोरीला अस्तरात पोहायला सांगणार का?

मास्तर तडक त्या विक्रेत्याकडे गेले. ट्रायल पास झालीय, द्या आता खरा, म्हणाले. पण सुट्टीचे दिवस. सगळे हौद संपले होते, मांडलेला नमुनासुद्धा कुणीतरी उचलून नेला होता आणि नवा माल यायला बराच अवकाश होता. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मास्तर शीळ घालत घरी आले. दुकानात कोपऱ्यात रेनकोटच्या कापडाचं अख्खं ठाण उभं होतं. त्याच्याकडे बघत ते बायकोला म्हणाले, "रेनकोट बाहेरचं पाणी आत येऊ देतो का?"

"नाही."

"मग तोच उलटा लावला, तर आतलं पाणी बाहेर कसं जाईल?"

बायको विचारात पडली. ह्यात कुठेतरी चूक आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण ती नेमकी कुठे आहे ते सापडेना. ती भांडी घासतानाही शोधत होती. काजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, बरोबर आहे.

शनिवार संध्याकाळपर्यंत मशीन थांबलं नाही. अस्तराच्या हौदाला आतून रेनकोटचं कापड लागलं. तळाला मास्तरांनी जोड न देता एकच सलग पट्टा पसरला. भिंतींना मात्र पट्ट्याला पट्टा जोडत जावं लागलं, तर तिथे त्यांनी शिलाईवर शिलाई घातली, तिच्यावर आणखी एक घातली. मजबुतीत कुठे कसर राहायला नको. बायकोनं पाण्याच्या ट्रायलचं काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी एक बादली आणून हौदात ओतली. पाणी तळाशी साचून राहिलं, थेंबभर गळलं नाही. मास्तरांनी एक डोळा मिटून बघितलं आणि ट्रायल पास म्हणून टाकलं. नातीसाठी उरलेल्या अस्तराचा पोहायचा फ्रॉकही त्यांनी बेतून कच्च्या टाक्यांवर जोडून ठेवला, चांगला बाह्यांचा. आपल्या घरचं पोर बिनबाह्यांचं पोहणार नाही.

रविवारी सकाळी नळाला लांब रबरी नळी जोडून हौद भरायला सोडला. उन्हं वर येता येता साडू आणि मेव्हणी हजर झाली. साडू आखूड पँट, काळा चष्मा, गळ्यात टॉवेल आणि काखेत ट्रॅक्टरच्या टायरची फुगवलेली ट्यूब, अशा थाटात होते. त्यांनी हौदाभोवती फेरी मारली. काजं बघितली. बटणं बघितली. खिशाशी येऊन थांबले.

"ह्याला खिसा कशाला?"

"चष्मा ठेवायला," मास्तर म्हणाले.

साडूंनी काळा चष्मा काढून खिशात ठेवून पाहिला. तो बरोबर बसला. आपल्या हौदाला खिसा नाही, ही गोष्ट त्यांना आयुष्यात पहिल्यांदा टोचली, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मास्तरांना इतकं समाधान लग्नाच्या कोटातही मिळालं नव्हतं.

एवढ्यात दुकानात बँकेचे मॅनेजर आले. त्यांच्या कोटाची ट्रायल त्याच दिवशी ठरली होती, आणि ट्रायल म्हटल्यावर मास्तर कुणासाठी थांबत नाहीत. पाण्याकडे लक्ष ठेवायला साडू आणि काजवाला होतेच. घराची रचना अशी, की परसातून स्वयंपाकघर, तिथून अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला दुकान. मास्तर त्या वाटेनं दुकानात गेले, मॅनेजरांना स्टुलावर उभं केलं, एका बाहीचा कच्चा कोट त्यांच्या अंगावर चढवला आणि टाचण्या तोंडात धरल्या.

तिकडे पाणी चढत चढत भिंतीच्या पहिल्या जोडापर्यंत आलं. आता सुई म्हणजे काय करते? भोक पाडते. आणि मास्तरांनी तर शिलाईवर शिलाई, तिच्यावर शिलाई घातली होती. आधी एक थेंब आला. मग एक बारीक धार. मग हौदाला सगळीकडून एकदम इतक्या धारा सुटल्या, की मेव्हणी टाळी वाजवून म्हणाली, अगं बाई, कारंजंही बसवलंय! बायकोला मात्र त्याच क्षणी ती हरवलेली चूक सापडली.

साडू धंद्यातले जाणकार. त्यांनी एका धारेवर तळवा दाबला. शेजारची जोरात आली, तिच्यावर दुसरा तळवा. तिसरीवर गुडघा. चौथीवर त्यांनी पोट टेकवलं. मग मान वळवून ते निर्वाणीच्या आवाजात म्हणाले, "अहो, हे पंक्चर नाही, ही चाळणी आहे."

काजवाला म्हणाला, बरोबर आहे.

तेवढ्यात घराकडच्या अंगाचे कच्चे टाके तट तट तट करत तुटत गेले आणि दोन इंच कापड मोकळं झालं. पोटभर जेवून पट्टा सैल करावा तसा हौद त्या बाजूला सुटला. पाण्याचा सगळा भार तिकडे गेला, पायांखालचे पॅड सटकले, पडद्यांच्या दांड्यांनी मान टाकली, आणि सबंध हौद स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरला.

दुकानात मास्तर मॅनेजरांच्या पाठीशी होते. आधी बोळातून खडूचे तुकडे आले. मग कागदी नमुने, दोऱ्याची रिळं, एक पायपुसणं. मग ट्रॅक्टरची ट्यूब आली आणि तिच्या मागोमाग साडू आले. ट्यूब वर होती, साडू खाली होते.

"मास्तर, पाणी," मॅनेजर म्हणाले.

"हलू नका. खांदा चुकेल."

घोट्याच्या वर पाण्यात उभं राहून मास्तरांनी शेवटची टाचणी लावली, मागे सरकून एक डोळा मिटून बघितलं, आणि त्याच क्षणी रस्त्याकडचं दार उघडलं. दारात मुलगी, तिच्या हातात बॅग, आणि पुढे नात. पाणी त्यांच्यासाठी थांबलं नाही. बटणांचे डबे, खडू, साडूंच्या चपला, सगळं घेऊन ते उंबऱ्यावरून रस्त्यावर गेलं. नात किंचाळून आईच्या कडेवर चढली ती तिच्या गळ्याला घट्ट बिलगूनच बसली. पाणी ओसरलं तरी खाली उतरेना. एवढ्या दिवसांनी आलीय, लाजतेय, असं मास्तरांना वाटलं.

"थोडा सैल झाला," ते मुलीला म्हणाले, हौदाबद्दल.

पुढचा तास सगळ्यांनी मिळून दुकान पुसलं. काजवाल्यानं रस्त्यावरून बटणं वेचून आणली. साडूंना मास्तरांची पँट दिली, ती त्यांना कमरेत होईना म्हणून वरून टॉवेल गुंडाळावा लागला, पण स्वारी खुशीत होती. शेवटी जग बघत होतं, की कुणाचा हौद उभा आहे आणि कुणाचा नाही. खुर्चीवर ऐसपैस बसून त्यांनी मोठ्या मनानं प्रस्ताव मांडला. झालं ते झालं, पोरीची सुट्टी कशाला वाया घालवायची? गाडी दारात आहे, तिला आमच्याकडे येऊ द्या. आमचा हौद शाबूत आहे.

 मुलगी मास्तरांकडे बघत होती, बायको मास्तरांकडे बघत होती. मॅनेजर अजून स्टुलावरच होते, कारण त्यांना कुणी उतरायला सांगितलं नव्हतं.

 दिवसरात्र एक करून शिवलेलं सगळं रस्त्यावर वाहून गेलं होतं, त्याचं मास्तरांना काही वाटलं नाही. हौद काय, पुन्हा शिवता येतो. पण पोर दारापर्यंत आली होती आणि आता तीच त्या गाडीत बसून जाणार होती, आणि अडवायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. त्यांनी मॅनेजरांना खाली उतरवलं, मांडणीवरून तो निळा फ्रॉक काढला आणि नातीला हाक मारली. निदान आपल्या हातचा कपडा तरी तिच्या अंगावर जाऊ दे. त्यांनी तिला स्टुलावर उभं केलं, फ्रॉक तिच्या कपड्यांवरूनच चढवला आणि टाचण्या तोंडात धरल्या.

"हात वर कर," ते म्हणाले. "आणि जा हो तू खुशाल. तिकडे पोहायला मिळेल. हा घालून पोह, म्हणजे झालं."

नातीनं हात वर केले. "मला नाही पोहायचं," ती म्हणाली. "मला पाण्याची भीती वाटते."

साडू खुर्चीतच सावरून बसले. मागच्या सुट्टीत पोर महिनाभर त्यांच्या हौदापाशी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी तेच विचारलं. मग तिथे काय करत होतीस?

"खुर्चीवर बसून तिथल्या आजोबांना बघायचे. ते पाण्यात खूप घाबरतात."

मेव्हणी एकदम खोकू लागली. साडूंनी टॉवेल नीट केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

"अगं पण मग इथे का नाही आलीस?" मास्तरांचा आवाज टाचण्यांमधून कसाबसा बाहेर आला. "हौद नव्हता म्हणून नाही, तर मग कशामुळे?"

 नातीनं आईकडे बघितलं. आईनं सांग म्हणून मान हलवली. तेव्हा पोर हळूच म्हणाली, "तिथे असं हात वर करून उभं राहावं लागत नाही."

 ट्रायल म्हणजे काय, हे त्या दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. सुट्टी लागली की नव्या फ्रॉकची ट्रायल, मग त्याच्या बाहीची, मग घेराची, मग शाळेच्या कपड्यांची, मग पोर वाढली का म्हणून पुन्हा पहिल्या फ्रॉकची. मास्तरांना ते लाड वाटत होते.

"खरं आहे," मॅनेजर म्हणाले. एका बाहीच्या कोटात ते किती वेळ उभे होते, हे तोपर्यंत सगळेच विसरले होते.

काजवाल्यानं तोंड उघडलं आणि मास्तरांकडे बघून मिटलं.

पहिली हसली ती बायको. ती अशी हसली, की तिला मशीनला टेकावं लागलं. मग मुलगी हसली, मेव्हणी हसली, आणि आपल्यावरून विषय गेला म्हणून साडूही मोठ्यानं हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टेबलावरच्या छोट्या उशीला टोचल्या. निळा फ्रॉक हलक्या हातानं सोडवून बाजूला ठेवला.

"ह्या सुट्टीत माप घेणार नाही," ते म्हणाले.

"एकदापण नाही?"

"एकदापण नाही."

"ट्रायलपण नाही?"

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. पण ते नाही म्हणाले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले.

नातीनं हात खाली घेतले. मग स्टुलावरूनच तिनं आजोबांच्या गळ्यात उडी घेतली आणि मागच्या सुट्टीपासून साठवलेली मिठी मारली. मास्तरांनी तिला छातीशी धरलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. त्यांचा उजवा हात तिच्या मानेपासून पाठीवरून सावकाश खाली उतरत गेला. अंगठा टेकला, करंगळी टेकली, पुन्हा अंगठा टेकला.

"आजोबा," पोर कानात म्हणाली, "वीत घालू नका."

मास्तरांनी झटकन हात काढून घेतला. पण तोवर माप झालं होतं.